जनुक पोचविणे आणि जनुक आवरणे



ज्या गावांच्या शिवारात पाटाचे पाणी खेळते, तेथील शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पाणी बांधापर्यंत आले, एवढ्याने पीक हाती येत नाही. ते कोणत्या चारीत सोडावयाचे, किती वेळ सोडावयाचे आणि केव्हा बंद करावयाचे, हे ठरविणारे दार नसेल तर त्याच पाण्याने जमीन चिबड होते. आधुनिक जीवविज्ञानाच्या एका महत्त्वाच्या शाखेपुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. माणसाच्या पेशीत नवे जनुक नेऊन सोडण्याची विद्या शास्त्रज्ञांना साध्य झाली आहे. परंतु ते जनुक कोठे, किती आणि केव्हा काम करील, आणि वेळ आल्यास ते थांबविता येईल काय, हे ठरविणे त्याहून अवघड ठरले आहे. गेल्या तीन दशकांत या विद्येने अनेक मुलांचे प्राण वाचविले. काहींवर नवे संकटही ओढवले. या दोहोंमधील अंतर बव्हंशी नियंत्रणाचे आहे.

जनुक आणि त्याचे नियमन

माणसाच्या प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार अशी जनुके असतात, की ज्यांत प्रथिने घडविण्याच्या सूचना साठविलेल्या आहेत. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत ही जनुके तीच असतात. तरीही इन्सुलिन बनते ते फक्त स्वादुपिंडातील विशिष्ट पेशींत, आणि हिमोग्लोबिन बनते ते फक्त तांबड्या रक्तपेशींच्या पूर्वज पेशींत. याचे कारण असे, की प्रत्येक जनुकाच्या मागेपुढे डी.एन.ए.चे काही नियामक तुकडे असतात. जनुकाच्या आरंभी असणाऱ्या तुकड्यास प्रवर्तक म्हणतात. जनुकाचे वाचन येथून सुरू होते. दुसऱ्या प्रकारचे तुकडे वर्धक होत. ते दूर अंतरावरूनही वाचनाचा वेग वाढवितात.

जनुकांवर असे नियंत्रण चालते ही कल्पना फ्रान्समधील फ्रांस्वा जेकब व जाक मोनो यांनी १९६१ साली जीवाणूंवरील प्रयोगांवरून स्पष्ट केली. दुधातील शर्करा उपलब्ध नसेल तेव्हा ती पचविणारी जनुके जीवाणू बंद ठेवतो. शर्करा मिळताच ती उघडतो. बंद ठेवण्याचे काम एक निरोधक प्रथिन करते. या कार्यासाठी आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना १९६५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जनुकांसाठी ज्या कृत्रिम कळा तयार झाल्या, त्यांचे मूळ या साध्या निरीक्षणात आहे.

विषाणूचे वाहन कसे बनते

जनुक पेशीत नेण्याचे काम निसर्गात विषाणू कोट्यवधी वर्षे करीत आले आहेत. विषाणू म्हणजे प्रथिनांच्या आवरणात बंद केलेली जनुकांची लहानशी गुंडाळी. तो पेशीला चिकटतो, आत शिरतो आणि आपली जनुके तिच्या स्वाधीन करतो. पेशी मग मुकाट्याने त्या जनुकांचा हुकूम पाळते. विषाणूचे हे कसब ठेवावयाचे आणि त्याची रोग निर्माण करण्याची व वाढण्याची शक्ती काढून घ्यावयाची, ही विषाणुवाहकाच्या रचनेतील मूळ कल्पना होय.

यासाठी विषाणूची वाढीला लागणारी जनुके त्याच्यातून काढून डी.एन.ए.च्या निरनिराळ्या तुकड्यांवर ठेवतात. उपचाराचे जनुक वेगळ्या तुकड्यावर असते, आणि ‘मला आवरणात भरा’ अशी खूण फक्त या एकाच तुकड्यावर ठेवलेली असते. हे सर्व तुकडे प्रयोगशाळेतील पेशींत एकत्र सोडले म्हणजे पेशी विषाणूची आवरणे तयार करतात, पण त्यांत भरले जाते ते केवळ उपचाराचे जनुक. असा कण रुग्णाच्या पेशीत एकदाच शिरू शकतो. तेथून पुढे तो स्वतःची प्रजा वाढवू शकत नाही.

वाहकांचे मुख्य प्रकार तीन. ॲडिनोविषाणू आकाराने मोठा व ताकदवान असतो, पण शरीराच्या प्रतिकारशक्तीला तो लवकर चेतवितो. अमेरिकेत १९९९ साली अशा वाहकाच्या मोठ्या मात्रेनंतर एका अठरा वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हापासून त्याच्या वापरात फार सावधगिरी आली. दुसरा ॲडिनो-सहचारी विषाणू. हा लहान व सौम्य असून त्याचे जनुकद्रव्य बहुधा गुणसूत्रात न मिसळता पेशीकेंद्रकात वेगळे राहते. त्याच्यात जेमतेम ४,७०० अक्षरांएवढाच मजकूर मावतो. तिसरा गट रेट्रोविषाणूंचा. ते आपली प्रत थेट पेशीच्या गुणसूत्रात जोडतात. त्यामुळे पेशीच्या पुढील सर्व पिढ्यांना ते जनुक मिळते. एड्सचा विषाणू याच गटातील. अमेरिकेतील सॉल्क संस्थेत लुइजी नाल्दिनी, दिदिए त्रोनो आणि भारतात जन्मलेले इंदर वर्मा यांच्या गटाने १९९६ साली याच विषाणूला निरुपद्रवी करून त्यापासून वाहक तयार केला. न विभागणाऱ्या पेशींतही तो जनुक पोचवू शकतो. त्या प्रयोगात उंदरांच्या मेंदूतील पेशींत तो पोचला होता. आज लेंटीविषाणुवाहक या नावाने ओळखले जाणारे साधन ते हेच.

पॅरिसचा धडा

जनुक पोचविणे म्हणजेच उपचार, अशी समजूत प्रारंभी होती. ती चुकीची ठरली ती पॅरिसमध्ये. तेथील नेकर रुग्णालयात १९९९ पासून जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या लहान मुलांवर जनुकोपचार सुरू झाले. मुलाच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून रेट्रोविषाणुवाहकाने त्यांत योग्य जनुक घालावयाचे आणि त्या परत द्यावयाच्या, अशी पद्धत होती. निर्जंतुक खोलीत दिवस कंठणारी मुले घरी गेली. वैद्यकाच्या इतिहासातील तो मोठा विजय होता.

परंतु थोड्याच वर्षांत पॅरिसमधील चार आणि लंडनमधील तशाच प्रयोगातील एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. त्यांतील एक मूल दगावले. तपासात असे आढळले, की वाहकाने आपल्याबरोबर विषाणूचा स्वतःचा अतिशय प्रबळ वर्धक नेला होता. गुणसूत्रात ज्या ठिकाणी तो जाऊन बसला, त्याच्या शेजारी पेशींची वाढ चालविणारे एक जनुक होते. वर्धकाने आपले जनुक तर जागे केलेच, पण हे शेजारचे निद्रिस्त जनुकही जागे केले. चारीला दार नव्हते आणि पाणी शेजारच्या शेतात शिरले, असाच हा प्रकार होता.

यावरील उपाय वाहकाच्या रचनेतच सापडला, आणि त्याची बीजे आधीच्या संशोधनात होती. रेट्रोविषाणूच्या जनुकद्रव्याच्या दोन्ही टोकांना नियामक तुकडे असतात. पेशीत शिरल्यावर त्याची डी.एन.ए. प्रत तयार होते, तेव्हा शेवटच्या टोकातील नियामक भागाची नक्कल आरंभीच्या टोकालाही उतरते. शास्त्रज्ञांनी शेवटच्या टोकातील वर्धक आधीच कापून टाकला. परिणामी वाहक गुणसूत्रात स्थिरावतो तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना विषाणूचा वर्धक नसतो. उपचाराचे जनुक मग आत ठेवलेल्या सौम्य प्रवर्तकाच्या आधाराने चालते. असा स्वनिष्क्रिय वाहक वापरून त्याच आजाराच्या नऊ मुलांवर केलेल्या उपचारांचा वृत्तान्त २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी आठ मुले जिवंत होती. एक मूल उपचारापूर्वीच जडलेल्या संसर्गाने गेले. रक्ताचा कर्करोग त्या काळात कोणासही झाला नव्हता.

कोठे चालावे?

नियंत्रणाचा पहिला भाग स्थानाचा. जनुक अनेक पेशींत पोचले तरी ते योग्य पेशीतच बोलावे, यासाठी त्याच्यापुढे त्या पेशीचाच प्रवर्तक जोडतात. सिकलसेल व थॅलेसेमिया या आजारांत याचे महत्त्व विशेष जाणवते. बीटा-ग्लोबिन हे प्रथिन तांबड्या पेशीतच आणि अल्फा-ग्लोबिनच्या जोडीने योग्य प्रमाणातच तयार व्हावे लागते. केवळ जनुक घालून हे साधत नव्हते. त्या जनुकापासून दूर, त्याच गुणसूत्रावर, एक नियंत्रक प्रदेश असतो. त्याचे नेमके तुकडे निवडून वाहकात बसविल्यावरच हे जमले. अमेरिकेत २००० साली उंदरांवर हे यश मिळाले, आणि अशाच तत्त्वावरील सिकलसेलच्या एका लेंटीविषाणू उपचाराला तेथे डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. संशोधनापासून रुग्णापर्यंतच्या या वाटेला दोन तपे लागली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

स्थान ठरविण्याची आणखी एक युक्ती २००६ साली इटलीतील संशोधकांनी दाखविली. पेशींत सूक्ष्म आर.एन.ए. नावाचे लहान तुकडे असतात. ते विशिष्ट खूण असलेला संदेश नष्ट करतात. हे तुकडे प्रत्येक प्रकारच्या पेशीत वेगळे असतात. यकृतात जे विपुल असतात ते रक्तपेशींत आढळत नाहीत. उपचाराच्या जनुकाच्या शेपटीला रक्तपेशींतील सूक्ष्म आर.एन.ए.ची खूण जोडली, तर रक्तपेशीत त्याचा संदेश नष्ट होतो आणि यकृतात तो टिकतो. म्हणजे प्रवर्तक ‘येथे चाल’ असे सांगतो, तर ही खूण ‘तेथे चालू नको’ असे सांगते. सूक्ष्म आर.एन.ए.च्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

किती आणि केव्हा?

दुसरा भाग मात्रेचा व वेळेचा. गोळी दिली आणि ती मानवली नाही, तर दुसऱ्या दिवशी बंद करता येते. जनुक दिले की ते परत घेता येत नाही. तांबड्या पेशींची निर्मिती वाढविणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचे जनुक माकडांना दिले, तेव्हा ते अखंड चालत राहिले. रक्त इतके दाट झाले की ते वेळोवेळी काढून टाकावे लागले. उपयुक्त प्रथिनही प्रमाणाबाहेर गेले की विष होते, याचा हा पुरावा होता.

येथे जीवाणूंची विद्या पुन्हा कामी आली. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे मानफ्रेड गॉसेन व हेर्मान बुयार्ड यांनी १९९२ साली टेट्रासायक्लीन या परिचित प्रतिजैविकावर चालणारी कळ तयार केली. आतड्यातील जीवाणूत टेट्रासायक्लीन ओळखणारे एक निरोधक प्रथिन असते. नागीण या रोगाच्या वर्गातील एका विषाणूच्या प्रथिनाचा, जनुक जागे करणारा भाग त्यांनी त्याला जोडला. या जोड-प्रथिनामुळे जनुक चालू राही आणि औषध दिले की बंद पडे. याच गटाने १९९५ साली तिची उलट आवृत्ती तयार केली. तिच्यात औषध दिले की जनुक चालू होते आणि औषध थांबविले की बंद होते. डॉक्सीसायक्लीनवर चालणारी ही कळ आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे.

दुसरी रचना रॅपामायसिन या औषधावर आधारलेली आहे. जनुक जागे करणाऱ्या प्रथिनाचे दोन अर्धे भाग वेगवेगळे ठेवतात. औषधाचा रेणू मध्ये येऊन दोन्ही भागांना धरतो, तेव्हाच ते जुळतात आणि जनुक बोलू लागते. या पद्धतीने माकडांत एरिथ्रोपोएटिनचे जनुक सहा वर्षांपर्यंत हवे तेव्हा चालू व हवे तेव्हा बंद करता आले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. जे जनुक पूर्वी अनावर झाले होते, तेच आता औषधाच्या हुकमात आले.

माणसांतील एक उदाहरण मेंदूच्या कर्करोगाचे आहे. इंटरल्यूकिन-१२ हे प्रथिन कर्करोगाविरुद्ध प्रतिकारशक्तीला चेतविते. परंतु पूर्वी ते शरीरभर दिले असता तीव्र विषारी परिणाम होऊन रुग्ण दगावल्याचे दाखले होते. म्हणून त्याचे जनुक ॲडिनोविषाणुवाहकात कळीसह बसविले गेले. ही कळ कीटकांना कात टाकण्यास लावणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहक-प्रथिनापासून घडविलेली आहे. तोंडाने घ्यावयाच्या गोळीनेच ती उघडते. एकतीस रुग्णांत गाठ काढलेल्या जागी हे वाहक टोचण्यात आले. गोळीची मात्रा वाढविली की प्रथिन वाढे, त्याबरोबर त्रासही वाढे, आणि गोळी थांबविताच त्रास ओसरे, असे २०१९ सालच्या अहवालात नमूद आहे. हा उपचार रूढ झालेला नाही. तथापि, रुग्णाच्या मेंदूत बसविलेले जनुक गोळीने आवरता येते, एवढे त्याने सिद्ध केले.

अखेरचे दार

काही प्रसंगी जनुक बंद करणे पुरत नाही. ज्या पेशीत ते घातले ती पेशीच नाहीशी करावी लागते. यासाठी आत्मनाशाची कळ तयार करण्यात आली. अस्थिमज्जा रोपणानंतर दिलेल्या प्रतिकारपेशी कधी रुग्णाच्या शरीरावरच उलटतात. अमेरिकेतील एका प्रयोगात अशा पेशींत ही कळ आधीच बसविली होती. चार रुग्णांत पेशी उलटल्या, तेव्हा औषधाची एकच मात्रा देण्यात आली आणि अर्ध्या तासात त्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने सुरक्षिततेच्या विचाराला नवी दिशा दिली.

अडचणी अद्याप आहेत

या सर्व कळा मोफत मिळत नाहीत. कळीसाठी लागणारे प्रथिनही वाहकातच न्यावे लागते. लहान वाहकात मुळात जागा थोडी, तेथे कळीने ती व्यापली तर उपचाराच्या जनुकाला कोपराच उरतो. शिवाय जीवाणूचे किंवा विषाणूचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके असते. ते तयार करणाऱ्या पेशींवर प्रतिकारशक्ती हल्ला करू शकते. माकडांत टेट्रासायक्लीनच्या कळीबाबत असा अनुभव आला आहे. म्हणून नवे संशोधन परक्या प्रथिनाविना चालणाऱ्या कळांकडे वळले आहे. फिलाडेल्फियातील संशोधकांनी २०२१ साली अशी रचना दाखविली, की जीत जनुकाचा संदेश एरव्ही अर्धवट राहतो आणि एक लहान औषधी रेणू दिल्यावरच त्याचे तुकडे नीट जुळून पूर्ण होतो. या रचनेला जागा थोडी लागते आणि शरीराला परके वाटेल असे काही तीत नसते. अशा कळा रुग्णालयांत सर्रास येण्यास मात्र अवधी आहे.

आपल्या देशातील कार्य

या क्षेत्रात भारत केवळ प्रेक्षक राहिलेला नाही. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात तीव्र हिमोफिलिया असलेल्या पाच प्रौढ रुग्णांवर लेंटीविषाणुवाहकाने केलेल्या उपचारांचे निष्कर्ष २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. रक्त गोठविणारे प्रथिन विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशींतच तयार व्हावे, असा प्रवर्तक त्या वाहकात योजलेला होता. दुरुस्त पेशी रुजल्यानंतर पाहणीच्या काळात या रुग्णांना रक्तस्राव झाला नाही.

महाराष्ट्राचा वाटाही उल्लेखनीय आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथे राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. रुग्णाच्याच प्रतिकारपेशी काढून लेंटीविषाणुवाहकाने त्यांत कर्करोगपेशी ओळखणारे जनुक घालतात आणि त्या परत देतात. काही प्रकारच्या रक्तकर्करोगांवर हा उपचार आहे. परदेशाच्या मानाने त्याचा खर्च बराच कमी आहे, तरी सामान्य कुटुंबाला तो जड जातोच.

गावपातळीवरील कर्तव्य

गडचिरोली, नंदुरबार, अमरावती अशा जिल्ह्यांतील आदिवासी वस्त्यांना सिकलसेलची झळ पिढ्यान्‌पिढ्या लागत आली आहे. जनुकोपचाराची वार्ता तेथपर्यंत पोचणे साहजिक आहे आणि तिच्यामागोमाग आशाही पोचेल. अमेरिकेत मान्य झालेल्या त्या सिकलसेल उपचाराची किंमत तीस लाख डॉलरांहून अधिक आहे. त्यासाठी प्रबळ औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका असल्याचा इशाराही त्या उपचारासोबत दिलेला आहे. तेव्हा आज गावात उपयोगी पडणारे काम म्हणजे वेळेवर रक्ततपासणी, विवाहापूर्वी समुपदेशन आणि नियमित औषधयोजना हेच होय. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. ते शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या साहाय्याविना पुरे होणे नाही.

तथापि, उद्या एखाद्या कुटुंबापुढे अशा उपचाराचा किंवा प्रयोगाचा प्रस्ताव आला, तर संमतीपत्रावर अंगठा उठविण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. हे जनुक शरीरात कोठे काम करील? किती प्रमाणात करील? किती काळ करील? आणि अपाय झाला तर ते थांबविण्याची कोणती सोय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली जनुकोपचारांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. योग्य परवानगीविना असे उपचार देऊ पाहणाऱ्यापासून लोकांना सावध करणे हेही स्थानिक नेतृत्वाचे काम आहे.

शिक्षकांनी हा विषय वर्गात मांडताना चमत्काराची भाषा टाळावी. जनुक म्हणजे काय हे सांगताना जनुक बंद कसे राहते, हेही सांगावे, कारण शरीराचे आरोग्य जितके चालू जनुकांवर अवलंबून आहे तितकेच योग्य वेळी गप्प बसणाऱ्या जनुकांवरही आहे. विषाणूला वाहन बनविणे ही बुद्धीची करामत झाली. त्या वाहनाला लगाम बसविण्यासाठी बुद्धीबरोबर जबाबदारीची जाणीवही लागते, आणि तो लगाम आहे की नाही हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे.